रोज रात्रीची दीड गोळी

बरणीतल्या काकडीच्या लोणच्याचा आंबटपणा ठरल्याइतका आहे का? मेयोनीजचा पिवळा रंग कालच्यासारखाच आलाय का? फ्रोझन स्ट्रॉबेरीला बुरशी तर लागलेली नाही ना? केमिस्ट्रीत मास्टर्स केलेली, चोविशीतली एक मुलगी न्यूयॉर्कमध्ये दिवसभर हेच तपासत बसायची. साल १९४२ च्या आसपासचं. किराणा दुकानांच्या एका बड्या साखळीची ती लॅब होती. काम वाईट नव्हतं, पगारही मिळत होता. फक्त तिला लोणच्यासाठी केमिस्ट्री शिकायची नव्हती, कॅन्सरसाठी शिकायची होती.

तिचं नाव गर्ट्रूड एलियन. घरचे आणि मित्रमंडळी तिला ट्रूडी म्हणायचे. (आडनावावरून जोक सुचला असेल तर तो मनातच ठेवा, तिनं आयुष्यभर बरेच ऐकले असणार.) पुढे १९८८ मध्ये तिला मेडिसिनचं नोबेल मिळालं. पण आज तिच्याबद्दल लिहायचं कारण नोबेल नाही. आज या क्षणी आपल्या राज्यात कुठल्यातरी घरात एखादी आई एक छोटी गोळी मधोमध मोडून अर्धी मुलाच्या हातावर ठेवत असेल आणि अर्धी परत डबीत टाकत असेल. ती गोळी ट्रूडीची आहे.

ट्रूडीचा जन्म २३ जानेवारी १९१८ चा, न्यूयॉर्कचा. वडील लिथुआनियातून आलेले, दातांचे डॉक्टर. घरात सुबत्ता होती, पण १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि वडिलांचे पैसे त्यात गेले. ती पंधरा वर्षांची असताना तिच्या लाडक्या आजोबांना पोटाचा कॅन्सर झाला. आजोबांना वेदनेनं तडफडताना तिनं डोळ्यांसमोर पाहिलं. तोपर्यंत तिला सगळेच विषय आवडायचे, काय निवडावं कळत नव्हतं. आजोबा गेले आणि प्रश्न सुटला. हंटर कॉलेजमध्ये मुलींना फी नव्हती, मार्कांवर ॲडमिशन मिळायची. तिथं तिनं केमिस्ट्री घेतली आणि १९३७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पहिल्या फळीत पास झाली.

आणि मग काहीच नाही! पुढच्या शिक्षणासाठी स्कॉलरशिप हवी, त्यासाठी अर्जांवर अर्ज आणि नकारांवर नकार. आर्थिक मंदीचा काळ, त्यात मुलगी. एका ठिकाणी इंटरव्ह्यू छान झाला आणि मग कळलं की लॅबमध्ये कधीच बाई नव्हती, तिच्यामुळे पोरांचं कामावरचं लक्ष उडेल म्हणून तिला घेतलं नाही. ती सेक्रेटरीचा कोर्स करायला गेली, तो सहा आठवड्यांत सोडला. तीन महिने नर्सेसना बायोकेमिस्ट्री शिकवली. मग एका केमिस्टच्या लॅबमध्ये फुकट राबायला तयार झाली, कारण हात चालू राहिला पाहिजे. दीड वर्षानं तिथं आठवड्याला वीस डॉलरपर्यंत मजल गेली. तेवढ्यात पैसे साठवून तिनं न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मास्टर्स केलं. दिवसा शाळेत बदली शिक्षिका, रात्री आणि शनिवार-रविवारी लॅब. तुमच्यापैकी जे नोकरी सांभाळून नाइट कॉलेज करताहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

याच काळात तिच्या आयुष्यात लिओनार्ड कँटर होता. हुशार, स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी. दोघं लग्न करणार होते. १९४१ मध्ये त्याच्या हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत पेनिसिलिन सगळीकडे मिळायला लागलं. त्याचा आजार पेनिसिलिननं बरा होणारा होता. औषध असणं आणि नसणं यातलं अंतर काय असतं हे ट्रूडीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तिनं पुढे लग्न केलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं, पुरुष केमिस्ट सैन्यात गेले आणि लॅबची दारं बायकांना किलकिली झाली. म्हणून ते लोणचं. मग जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये टाक्यांच्या दोऱ्याची ताकद मोजायचं काम. ती लॅब सहा महिन्यांत बंद पडली. १९४४ मध्ये तिच्या वडिलांच्या दवाखान्यात बरोज वेलकम कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांचं सॅम्पल आलं होतं. कंपनी गावापासून जवळच होती. वडिलांनी सुचवलं, फोन करून तर बघ. तिनं फोन केला. तिथं जॉर्ज हिचिंग्स नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी तिला सहायक म्हणून घेतलं. पगार आठवड्याला पन्नास डॉलर. ही नोकरी तिनं पुढे जवळपास चाळीस वर्षं केली.

डॉक्टरेटचं काय? तिनं ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये संध्याकाळचे क्लास सुरू केले. ऑफिस, मग लांबचा सबवेचा प्रवास, मग लेक्चर, मग परत घर. दोनेक वर्षांनी कॉलेजनं सांगितलं, पीएच.डी. हवी तर नोकरी सोडून पूर्णवेळ या. तिनं हिशेब केला आणि नोकरी ठेवली. ज्या कामासाठी पीएच.डी. करायची ते काम तर आधीच हातात होतं! त्यामुळे नोबेल मिळालं तेव्हाही तिच्याकडे रीतसर पीएच.डी. नव्हती.

आता ते काम काय होतं ते थोडं समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पेशीला दुभंगायचं असेल तर आधी आपल्या डीएनएची कॉपी काढावी लागते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी दोन अक्षरं प्युरीन जातीच्या रसायनांची असतात. हिचिंग्स आणि एलियन यांचा विचार असा की, भराभर वाढणाऱ्या पेशीला प्युरीन भरपूर लागणार. मग तिला खोटं प्युरीन दिलं तर? दिसायला हुबेहूब, पण आत एखादा अणू बदललेला. खोट्या नाण्यासारखं. पेशी ते खरं समजून वापरायला जाईल आणि तिथंच अडकेल. त्या काळात औषधं बहुतेक वेळा नशिबानं सापडायची, हे करून बघ, ते करून बघ. इथं मात्र आधी शत्रूला काय लागतं ते शोधायचं आणि मग त्याच्यासाठी बनावट माल तयार करायचा, अशी उलटी पद्धत होती. डीएनएचा तो प्रसिद्ध जिन्यासारखा आकार जगाला १९५३ मध्ये कळला. हे लोक त्याच्या आधीपासून कामाला लागले होते.

एलियननं खोटी प्युरिनं बनवायला सुरुवात केली. त्यातल्या एकानं, डायअमिनोप्युरीननं, न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधल्या एका तरुणीचा ल्युकेमिया चक्क मागे हटवला. ती बरी झाली, तिचं लग्न झालं, तिला मूल झालं. जवळपास दोन वर्षांनी आजार उलटला आणि ती गेली. एलियन हा प्रसंग कित्येक दशकांनंतरही कोरड्या डोळ्यांनी सांगू शकत नसे. औषधानं आजार हटवणं वेगळं आणि हटलेला आजार हटलेला ठेवणं वेगळं, हे तिला तिथं पहिल्यांदा कळलं असावं.

१९५१ मध्ये तिनं प्युरीनच्या एका ठरावीक जागी ऑक्सिजनऐवजी गंधकाचा अणू बसवला. तयार झालं ६-मर्कॅप्टोप्युरीन, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ६-एमपी. तेव्हा ॲक्युट ल्युकेमिया झालेलं मूल साधारण तीन-चार महिने जगायचं. ६-एमपीनं अनेक मुलांच्या रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या. परिणाम इतका ठळक होता की अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सगळा डेटा हातात येण्याआधीच, १९५३ मध्ये, परवानगी दिली. तीन-चार महिन्यांचं आयुष्य वर्षभरापर्यंत गेलं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आईबापांच्या रांगा लागल्या.

आणि मग एकेक मूल परत आजारी पडायला लागलं. मायक्रोस्कोपखाली रक्त स्वच्छ, मूल अंगणात खेळतंय आणि काही महिन्यांत आजार पुन्हा हजर. मुलं बरी होताना पाहायची आणि मग गमवायची, हे एलियनला सहन व्हायचं नाही. पण तिनं ते बघणं सोडलं नाही. गोळी पोटात गेल्यावर शरीर तिचं नेमकं काय करतं, कुठं तोडतं, काय बाहेर टाकतं याचा ती वर्षानुवर्षं माग काढत राहिली.

मग गुंता सुटला कसा? एकट्या गोळीनं नाहीच. १९६० च्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलमध्ये डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी सगळी औषधं एकत्र वापरायचं ठरवलं. आधी जोरदार उपचार, मेंदूभोवती लपलेल्या पेशींसाठी वेगळा उपचार आणि मग, हे महत्त्वाचं, मूल चांगलं दिसायला लागल्यावरही दोन-तीन वर्षं घरी गोळ्या. रोज ६-एमपी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. (या दुसऱ्या गोळीच्या वंशावळीत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत. आंध्रातून अमेरिकेला गेलेले, १९४८ मध्ये वारलेले. फॉलिक ॲसिडची नक्कल करणारी ही औषधं त्यांच्याच टीममधून आली. त्यांच्यावर वेगळं पान लिहावं लागेल.) या पद्धतीनं अर्धी मुलं कायमची वाचायला लागली. आज श्रीमंत देशांत लहान मुलांच्या या ल्युकेमियातून, म्हणजे ‘एएलएल’मधून, दहापैकी नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे हा आकडा अजून कमी आहे.

या शेवटच्या टप्प्याला मेंटेनन्स म्हणतात. शब्द ऐकून बाइकच्या सर्व्हिसिंगसारखं वाटतं ना? तिथंच घोळ होतो. मूल आता हॉस्पिटलमध्ये नाही. केस परत आलेत, शाळेत जातंय, गल्लीत क्रिकेट खेळतंय. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये बिहार-बंगालपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतची मुलं येतात. सुरुवातीचे कठीण महिने आईवडील मुंबईत मिळेल तिथं काढतात, मग गोळ्या घेऊन गावी जातात आणि ठरावीक दिवसांनी तपासणीला येतात. मधल्या काळात डॉक्टर नाही, नर्स नाही, सलाइन नाही. कॅन्सरवरचा उपचार आता स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी आलेला असतो. आणि तो चालवणारी असते बहुतेक वेळा आई.

सोपं वाटतं, पण बघा. गोळी ५० मिलिग्रॅमची. डोस मुलाच्या उंची-वजनावरून आणि रक्ताच्या रिपोर्टवरून ठरतो. त्यामुळे कागदावर येतं, सोमवार ते शुक्रवार दीड, शनिवार-रविवार एक. पुढच्या तपासणीत पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर डोस कमी, वाढल्या तर जास्त. त्यात आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या पाच-सहा छोट्या गोळ्या. ही साप्ताहिक गोळी चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिचा वार ठरवून कॅलेंडरवर मोठ्ठा गोल करून ठेवायचा. ही झाली दोन औषधं. वर संसर्ग टाळायची तिसरी असते. आणि हे सगळं सातशेच्या वर रात्री. मध्ये दिवाळी येते, मामाचं लग्न येतं, पेरणी येते, आजी आजारी पडते, एसटीचा संप होतो. बाबांना वाटतं आईनं दिली, आईला वाटतं बाबांनी.

एखादी गोळी चुकली तर बिघडतं काय? याचं उत्तर एलियनच्या कामातच आहे. ६-एमपी रक्तात फार थोडा वेळ टिकतं, काही तासांत त्यातलं बरंचसं निघून जातं. जे काम करतं ते पेशींच्या आत हळूहळू साठत जाणारं त्याचं बदललेलं रूप. हा साठा बनायला आठवडे लागतात आणि तो रोजच्या गोळीवरच टिकतो. शिवाय खोटं नाणं चालतं ते पेशी कॉपी काढत असते तेव्हाच. लपून बसलेल्या मूठभर पेशी एकाच दिवशी जाग्या होत नाहीत. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरी. ज्या दिवशी ती जागी होईल त्या दिवशी तिच्यासमोर खोटं नाणं हजर हवं.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही, मोजलेलं आहे. मूळच्या भारतीय डॉ. स्मिता भाटिया यांच्या टीमनं अमेरिकेत ७४२ मुलांना गोळ्यांच्या खास बाटल्या दिल्या. झाकणात चिप. बाटली कधी उघडली ते तारीख-वेळेसकट नोंदलं जायचं. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्या मुलांच्या गोळ्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी दिवस घेतल्या गेल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका २.७ पट होता. ९५ टक्के म्हणजे किती? तीस दिवसांत एक गोळी चुकली तर तुम्ही ९६ वर आहात. दोन चुकल्या तर ९३. संपलं. आपल्याला कॉलेजात ७५ टक्के अटेंडन्स जड जातो आणि त्यातही प्रॉक्सी चालते. इथं प्रॉक्सी चालत नाही. त्याच टीमनं कुटुंबांना विचारून त्यांची उत्तरं चिपशी ताडून पाहिली, तर बहुतेकांनी सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त निघाला. लोक खोटारडे असतात असं नाही. रोज करायच्या गोष्टीची आठवण अशीच गोंधळ घालते. काल दिलेली परवाची वाटते. गोळ्या का चुकतात याचं सगळ्यात मोठं कारणही साधंच निघालं, विसरणं.

सगळ्यात जास्त चुकवणारे कोण, माहितीये? लहान बाळं नाहीत. बारा वर्षांवरची मुलं. म्हणजे जी स्वतःची गोळी स्वतः घेण्याइतकी मोठी झाली आहेत असं घरच्यांना वाटतं आणि म्हणून ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. तुमच्या वर्गातल्या मुलामुलींच्या वयाची किंवा त्यांच्या धाकट्या भावंडांच्या वयाची. या वयात मित्रांसमोर डबी काढायची लाज वाटते, आजाराचा कंटाळा आलेला असतो आणि बरं तर वाटतच असतं. अशा घरांत काय उपयोगी पडतं हेही तपासलं गेलं. रोज एक मेसेज मुलाला आणि एक पालकाला, सोबत माहितीचा व्हिडिओ आणि पालकानं समोर बसून गोळी गिळलेली बघायची. सगळ्या मुलांचा एकत्र विचार केला तर फरक फार पडला नाही. पण बारा वर्षांवरच्यांमध्ये पडला, त्यातही आधी बऱ्याच गोळ्या चुकवणाऱ्यांमध्ये जास्त. मोबाइल हा काही जादूचा दिवा नाही, समोर बसणारं माणूस लागतं, असं मला यातून वाटतं.

आता घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या दादा-ताईनं काय करायचं? आईच्या पाठीवरचं थोडं ओझं उचलायचं. सोमवार ते रविवार कप्प्यांची डबी केमिस्टकडे मिळते, ती एकत्र बसून आठवड्यातून एकदा भरायची, मग कप्पा रिकामा की भरलेला हे बघितलं की वाद मिटला. कागदावरचा डोस आईला कळेल अशा मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीच्या कॅलेंडरवर उतरवायचा, दिलेल्या दिवसावर फुली. डोस बदलला की जुना कागद फाडून टाकायचा. गोळीची वेळ घड्याळाला नाही, रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधायची, रात्रीचं जेवण किंवा आजीची सिरियल. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नव्या आणायच्या, कारण तालुक्याच्या दुकानात त्या मिळतीलच असं नाही. प्रवासाला निघताना डबी मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत. गोळीला हात लावल्यावर हात धुवायचे आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं ती हाताळू नये. एक रात्र चुकलीच तर दुसऱ्या दिवशी डबल द्यायची नाही, उलटी झाली तर अंदाजानं परत द्यायची नाही, हॉस्पिटलला फोन करायचा. आणि तपासणीच्या वेळी चुकलेल्या गोळ्यांचा खरा आकडा सांगायचा. डॉक्टर रक्त बघून डोस ठरवतात. गोळ्या चुकल्यामुळे पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील आणि घरचे म्हणत असतील सगळ्या दिल्या, तर डॉक्टर डोस वाढवून बसतील.

दुधाचंही एक आहे. दुधात ६-एमपी तोडणारं एक एन्झाइम असतं, म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की गोळी उपाशीपोटी, दुधाशिवाय. रात्री दूध पिऊनच झोपणाऱ्या पोरांच्या घरात त्यावरून किती रडारड झाली असेल! नंतर अभ्यास झाले तेव्हा जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतल्यानं आजार उलटण्याच्या धोक्यात फरक दिसला नाही. अनेक ठिकाणी आता ही अट सैल केली आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण नियमामुळे गोळीच चुकत असेल तर तेही त्यांना सांगा.

या एन्झाइमशी एलियनचं जुनं वैर. तेच एन्झाइम आपल्या शरीरातही असतं आणि तिथं गोळीची वाट लावतं, म्हणून तिच्या टीमनं ते थोपवणारं औषध शोधलं, अलोप्युरिनॉल. गंमत म्हणजे त्यानं युरिक ॲसिडही कमी व्हायला लागलं आणि आज ते आजोबांच्या गाउटवर दिलं जातं. म्हणजे एकाच घरात नातवाची आणि आजोबांची गोळी एकाच बाईनं बनवलेली असू शकते. मात्र दोन डबे वेगळे ठेवा. अलोप्युरिनॉल पोटात गेलं तर ६-एमपीचा जोर कित्येक पटींनी वाढतो. ६-एमपीलाच थोडं बदलून अझाथायोप्रिन आलं आणि त्याच्या जोरावर १९६० च्या दशकात परक्या माणसाची किडनी शरीरात टिकायला लागली.

आणि कांजिण्या. या गोळ्यांवर असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती दबलेली असते. शेजारच्या पोराला ज्या कांजिण्या आठ दिवसांत जातात त्या या मुलाचा जीव घेऊ शकतात. १९७० च्या दशकात एलियनच्या विभागानं असायक्लोव्हिर तयार केलं, विषाणूवर नेमकं चालणारं आणि माणसाच्या पेशींना फारसं न दुखवणारं. कांजिण्यांवर आज तेच देतात. म्हणूनच वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर शाळेनं त्या मुलाच्या घरी त्याच दिवशी कळवायचं असतं.

१९८३ मध्ये ती रिटायर झाली. म्हणजे कागदोपत्री. नॉर्थ कॅरोलिनातल्या कंपनीत येणं-जाणं सुरूच होतं, ड्यूक युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या मुलांना घेऊन ती रिसर्च करत बसायची. ऑपेराचं तिला वेड, त्यासाठी न्यूयॉर्कला जायची. कॅमेरा गळ्यात अडकवून जगभर फिरायची. १९८८ मध्ये नोबेल जाहीर झालं, हिचिंग्स आणि ब्रिटनचे जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर वाटून. बातमीचा फोन सकाळी सकाळी, ती तोंड धूत असताना आला आणि तिला आधी कुणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलं. ज्या ब्रुकलिन पॉलिटेक्निकनं नोकरी सोड म्हणून सांगितलं होतं तिनं नंतर मानद पीएच.डी. दिली. २१ फेब्रुवारी १९९९ ला ती गेली, एक्याऐंशी वर्षांची होती. भाटियांच्या चिप लावलेल्या बाटल्या तिनं पाहिल्या नाहीत.

मेडल तिच्याकडे पुष्कळ होते. पण तिनं जपून ठेवली होती ती पत्रं. अनोळखी माणसांची, ज्यांच्या घरात कुणीतरी तिच्या औषधावर जगलं होतं. त्यांत आईवडिलांची होती आणि मोठ्या झालेल्या मुलांचीही, शिकलेल्या, लग्न झालेल्या.